चित्राच्या कोपऱ्यातला हात

सोळा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी साडेनऊ. जागा: भट्टीमागची तपासणीची शेड. हजर: मालक, पुण्याहून आलेली अनघा, तुमच्या बाकावर आता बसणारी सरिता, पट्ट्यावरची दोन माणसं आणि मी.

तात्या, ही हजेरी लिहिताना चौथ्या ओळीवर सवयीनं तुमचंच नाव लिहिलं गेलं. वीस वर्षं मी या कौलांच्या कारखान्यात याद्या लिहिते आहे आणि वीस वर्षं तुम्ही चौथे आहात. खोडायला पेन टेकवलं आणि थांबले. पुढे 'रजा' लिहिलं, तेही बरोबर दिसेना. मग ती ओळ तशीच सोडून मी पुढे गेले.

विषय एकच होता. अनघाच्या कंपनीनं बसवलेला कॅमेरा नऊ महिने चालतो आहे. तेव्हा एक तारखेपासून भट्टीतून निघालेल्या कौलांचं पास-नापास फक्त त्याच्यावर सोडायचं का, आणि कौलं वाजवून पाहायचा तुमचा बाक काढून तिथं पट्टा लांबवायचा का. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. माल बाहेर सोडताना सही माझी असते, म्हणून हीही माझीच. मालगुंडच्या एका घराचं अख्खं छप्पर नवं होतंय, त्याची कौलं याच महिन्यात जायची आहेत. मी शनिवारपर्यंत वेळ मागितला. कशासाठी, असं मालकांनी विचारलं. मी म्हटलं, तात्यांची सात कौलं बाकी आहेत.

ती सात कौलं तुमच्या बाकाखाली तुम्ही ठेवलीत तशीच आहेत. खडूची फुली थोडी पुसट झाली आहे, एवढंच.

कॅमेरा आला तो दिवस आज सारखा आठवत होता. मे महिना, भट्टीची धग, सुकवणीच्या मांडणीवरून उडणारी तांबडी धूळ. ती धूळ आपल्या केसांत, डब्यांत, माझ्या वहीच्या शिवणीतसुद्धा असते. अनघानं खोकं उघडलं तेव्हा तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे होतात. पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कौलाचा हा फोटो काढेल, भेग, डाग, वाकडेपणा शोधेल आणि वाईट कौल दिसलं की दिवा लावेल, असं तिनं समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत (ऐकून घेतलंत, असंच मला तेव्हा वाटलं) आणि एवढंच विचारलंत की ही बया दुपारची झोपते का. अनघाला राग आला. पुढे पावसाळ्यात तुमचं मत विचारायला तिला दिवसातून तीन फोन मला करावे लागले, ते सोडा.

कारण पुण्याच्या खोलीत जे नीट चालत होतं, ते आपल्या शेडमध्ये चालेना. काचेवर धूळ बसायची आणि ओल्या हवेनं तिचा चिखल व्हायचा. एका सकाळी कॅमेऱ्यानं कौलामागून कौल नापास केलं. पडद्यावर प्रत्येक कौलाच्या उजव्या अंगाला एक काळपट रेघ. मी वहीत कारणं लिहायला घेतली: माती, साचा, सुकवणी, भट्टीची आग. सहा कारणं झाली होती. तुम्ही येऊन पडद्यापुढे उभे राहिलात, दहा-बारा कौलं जाऊ दिलीत आणि म्हणालात, "अगो बाय, भेग सगळ्यांना एकाच जागी कशी पडंल? कौलं बदलतायत, भेग बदलत नाय. भेग हिच्या डोळ्यात हाय."

मी सहाही कारणं खोडली. अनघानं फोनवर हे ऐकलं आणि लिहून घेतलं. आता तिच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे: डाग सगळीकडे एकाच जागी दिसला, तर आधी काच बघा.

काच पुसायची कशी, हा पुढचा प्रश्न. फडक्यानं पुसली तर धुळीतल्या वाळूनं ओरखडे पडले. मग काचेवर हवा मारायला कॉम्प्रेसर जोडला, तर काच आणखी ओली व्हायला लागली. सगळे काचेकडे बघत होते. तुम्ही नळीवर तळहात ठेवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, हवेत पाणी हाय. नळी सोडवली तर खरंच पाणी गळलं. हे कसं कळलं, असं मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत. तुमची पाठ माझ्याकडे होती, हे मला आज आठवतं.

हवा कोरडी करायचं यंत्र बसलं, तरी धूळ समोरून येतच होती. तेव्हा तुम्ही भात वारवायची गोष्ट काढलीत. वारवताना माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, कोंडा पुढे जातो, डोळ्यांत जात नाही. हिला मात्र आपण भट्टीच्या वाऱ्याकडे तोंड करून बसवलंय. कॅमेरा फिरवला. पुढे पत्र्याची लांब सोंड लावली, आतून बाहेर हवा सोडली. काच दिवसभर स्वच्छ राहायला लागली. फक्त या फिरवाफिरवीत चित्राच्या डाव्या कोपऱ्यात तुमचा बाक यायला लागला. अनघा म्हणाली, हरकत नाही, तेवढा कोपरा आपण कापून टाकू. मी यादीत लिहिलं: डावा कोपरा कापणे. काम अनघाचं. आणि समोर 'झालं' अशी खूणही केली.

त्या कोपऱ्याचं पुढे सांगते.

खंडेनवमीचं तेवढं लिहायलाच हवं, कारण ते तुम्ही कोणाला सांगू दिलं नाहीत. साच्याच्या यंत्राला, पट्ट्याला, ट्रकला तुम्ही स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलंत. कॅमेऱ्यापुढे आल्यावर हिचा कपाळ कुठला, असं मलाच विचारलंत. मी हार ओवत होते, मान वर न करता काहीतरी बोलले. दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि भट्टीतली सगळी कौलं नापास. प्रत्येकाच्या मधोमध पुसट तांबडा डाग. मी भट्टीवाल्याला झाडलं, नवी यादी काढली. तुम्ही पडद्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, सोंडेत दोन बोटं घातलीत आणि धोतराला पुसलीत. तेव्हा मी तुमचंच वाक्य तुम्हाला परत दिलं: "भेग हिच्या डोळ्यात हाय, तात्या." तुम्ही इतके हसलात की बाकावर बसावं लागलं. वर म्हणालात, "तुजी यादी पन एकदा पट्ट्यावरनं सोड गो. तिच्यात बगू किती भेगा निगतात."

निघाल्या असत्या, तात्या. माझ्या जुन्या वह्या काल रात्रीपासून पुन्हा वाचते आहे. एका पानावर आहे: 'तात्या मास्क लावत नाहीत, दुसऱ्यांनाही लावू देत नाहीत. समज देणे.' धुळीसाठी मी सगळ्यांना मास्क आणले होते. तुमच्याशी बोलायला आलेल्याला तुम्ही आधी तो खाली करायला लावायचात. "तोंड दाखवून बोल, चोरासारखी काय बोलतंस?" मी समज दिली. तुम्ही माझ्या तोंडाकडे नीट बघत ती घेतलीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता सात कौलं. जानेवारीतला तुमचा शेवटचा आठवडा, तेव्हा तो शेवटचा आहे हे ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्यानं पास केलेल्या मालगुंडच्या मालातून तुम्ही एकेक कौल वाजवून बाजूला काढत होतात. आठवड्यात सात काढलीत. मी ती पुन्हा कॅमेऱ्याखालून सोडली, पास. अनघानं मोठं करून बघितलं, भेग नाही. सरितानं वाजवली, मी वाजवली, खणखणीत आवाज. मी तुम्हाला विचारलं, कशावरून नापास? तुम्ही म्हणालात, बरोबर बोलत नायत. मी पुन्हा एक वाजवलं, तुमच्या कानाशी धरून. तुम्ही मान हलवलीत. बाजूला मालक उभे होते, ट्रक भरायचा होता, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तात्या, आता कान तपासून घ्या एकदा."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्या तोंडाकडेच बघत होतात. कौलांवर फुली मारलीत, बाकाखाली ठेवलीत आणि जेवायला गेलात. तो वाद तिथंच थांबला. पुढच्या आठवड्यात तुम्हाला छातीसाठी रत्नागिरीला हलवलं. मी दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा कारखान्याची खबर दिली आणि कौलांचा विषय काढला नाही. माफी मागायची होती असं आज लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटत होतं की बरोबर मीच आहे.

काल तुमच्या बाराव्याला जेवणं आटोपल्यावर काकींनी मला मागच्या पडवीत नेलं. कारखान्यातून कुणी ऐकू येण्याचं यंत्र देणार होतं का, असं विचारायला लागल्या. मला काही कळेना. मग त्या म्हणाल्या, "सात वर्सं त्यांना काय ऐकू येत नव्हता गो. मोठा टोप पडला तरी वळून बगायचे नाय. मना शपथ घातलेली, कारखान्यात बोललंस तर बगच. कौलं वाजवनारा बहिरा, असा सांगून कोन ठेवील?"

मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिले. त्यांना वाटलं मला रडू येतंय. खरं म्हणजे मी मोजत होते. सात वर्षं. या सात वर्षांत तुम्ही पास केलेल्या मालाची एक तक्रार माझ्या वहीत नाही. वाकड्या कौलांच्या आहेत, रंगाच्या आहेत. वाकडं कौल कॅमेरा तुमच्यापेक्षा चांगलं धरतो, हे तुम्हीच कबूल केलं होतंत. पण गळक्या कौलाची एकही नाही. ऐकू येत नसताना तुम्ही कौलं वाजवत होतात आणि तुम्हाला कळत होतं. कसं?

लाज वाटली, ती वाटायचीच होती. पण तिच्याहून मोठा झाला तो हा प्रश्न. घरी परत येताना मी गाडीत तुमचं कौल वाजवणं डोळ्यांपुढे आणत होते. सरिता कौल बाकावर टेकवून वाजवते. मीही तसंच. तुम्ही ते उचलायचात, डाव्या हातात लोंबतं धरायचात, सागाच्या तुकड्यानं मारायचात, आणि मान खाली घालून डोळे मिटायचात. आम्ही म्हणायचो, तात्या ऐकतायत, आवाज करू नका. नवीन माणसांना आम्ही गप्प करायचो, तात्या. तुमच्यासाठी.

पण लोंबतं म्हणजे नेमकं कसं? कुठली बोटं, कडेला की मागच्या खुंटीला, अंगठा लागत होता का? वीस वर्षं रोज बघून मला सांगता येईना. सरितालाही येईना. आज सकाळची सभा मोडल्यावर मी अनघाला सगळं सांगितलं. काकींच्या शपथेचंही सांगितलं. आता तुम्ही रागावलात तर रागवा. तिनं बाकाकडे बघितलं, मग वर कॅमेऱ्याकडे. मग म्हणाली, "मॅडम, कोपरा."

मला उलगडलं नाही. तिनं लॅपटॉप उघडला. कॅमेरा तपासायला चित्र घेतो ते कापलेलं. पण काढताना अख्खं काढतो, आणि ती अख्खी चित्रं तिनं जपून ठेवली आहेत. कापलेल्या डाव्या कोपऱ्यात तुमचा हात होता. जूनपासून जानेवारीपर्यंत, दिवसाला शेकड्यांनी. तांबड्या धुळीनं माखलेला, मनगटावर काळा दोरा, बोटांत कौल. चेहरा एकाही चित्रात नाही. ज्याच्यामुळे तपासात अडथळा येतो म्हणून आम्ही कापून टाकला, तो तुमचा हात, आणि त्या भागासमोर माझ्या वहीत 'झालं' अशी खूण.

आम्ही दोघी आणि सरिता तासभर नुसता हात बघत होतो. तर्जनी आणि मधलं बोट कौलाच्या वरच्या कडेखाली, कडेच्या मधोमध नाही, जरा डावीकडे. अंगठा मोकळा, हवेत. करंगळी खालून पाठीला टेकलेली, अगदी हलकी. वाईट कौलाच्या वेळी करंगळी उचललेली आणि पुन्हा टेकवलेली दिसते. म्हणजे तुम्ही दोनदा मारायचात. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अनघा म्हणाली, कॅमेरा कौलाचं तोंड बघतो, पोटातलं त्याला कसं दिसणार, ते यांची करंगळी बघत होती. तिला आता करंगळीच्या जागी लावायचा कंप मोजणारा तुकडा हवा आहे. मिळेल तेव्हा मिळेल.

जेवणानंतर मी कानांत कापूस घातला, वरून रुमाल बांधला आणि तुमच्या बाकावर बसले. पट्ट्यावरची माणसं हसत होती, ते दिसलं, ऐकू आलं नाही. चांगलं कौल तसं धरून मारलं, करंगळीला मुंग्या आल्यासारखं झालं आणि ते थोडा वेळ टिकलं. तुमच्या फुलीतलं पहिलं धरलं. मुंग्या आल्या, पण लगेच विझल्या, असं वाटलं. वाटलं, एवढंच म्हणते. पुन्हा केलं तर फरक कळेना. अंगठा लागत होता, ते सरितानं बोट दाखवून सांगितलं. मग तीही बसली. सहा कौलांवर आम्ही दोघींनी आपापली मतं वेगवेगळ्या कागदांवर लिहिली आणि कागद एकमेकींना दाखवले नाहीत.

मग सहांच्या पाठीवर मातीचा बांध घालून पाणी भरून ठेवलं. पूर्ण निकाल उद्या लागेल, पण संध्याकाळी काम सुटताना मी वाकून खालून हात फिरवला. चार कौलं खालून ओली आहेत. भेग नाही, डाग नाही, आवाज खणखणीत, आणि ओली. दोन अजून कोरडी आहेत. तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी लिहिणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. पण मालगुंडच्या त्या घरात कोणाच्या तरी अंथरुणावर पाणी ठिबकलं असतं, चार जागी, आणि कागदावर पासची सही माझी असती.

आमचे कागद? सरिताची चारांपैकी तीन बरोबर आहेत. माझं एक. तुम्ही असतात तर दिवसभर हसला असतात.

मालकांना मी लिहून दिलंय की कॅमेरा राहील आणि बाकही राहील, मालगुंडचा सगळा माल बाकावरून पुन्हा जाईल. त्यांनी वाचलं आणि विचारलं, बाकावर बसणार कोण? तात्यांसारखं येतं कोणाला? शनिवारी दाखवा, मग बघू, म्हणाले. चूक नाही त्यांची. बाक कोणालाच वापरता येत नसेल, तर तो नुसतं लाकूडच आहे.

म्हणून सातवं कौल मी ठेवलंय. त्याला पाणी घातलेलं नाही. ते आधी बोटांनी सांगायचं, सांगितलेलं लिहून मालकांकडे द्यायचं, आणि मग त्यांच्यासमोर पाणी घालायचं. वहीत तीन रकाने आखले. काम: सातवं कौल. केव्हापर्यंत: शनिवार. कोणाचं, या रकान्यात आधी सरिताचं नाव लिहिलं. ती म्हणाली, मॅडम, आज तुम्ही एकदा बसा, तुमचा अंगठा अजून लागतोय.

आता शेड रिकामी आहे. कॅमेरा चालू आहे, डावा कोपरा आम्ही कापायचा बंद केला आहे. कापूस कानांत घातलाय. कौल डाव्या हातात लोंबतं आहे, दोन बोटं कडेखाली, करंगळी पाठीला. अंगठा मोकळा सोडायचा आहे. अजून मारलेलं नाही.